बाळाच्या वाटीत पाणी की डाळ?

"बापावर गेलीय, बुटकीच राहणार!" आमच्या वस्तीतल्या दोन वर्षांच्या नातीबद्दल आजी म्हणाली. पोर अंगाने बरी दिसत होती, म्हणून आम्हीही हसलो. पुढे अंगणवाडीत मोजली, तेव्हा तिची उंची 78 सेंटिमीटर भरली. दोन वर्षांची मुलगी 80 सेंटिमीटरपेक्षा आणि मुलगा सुमारे 82 पेक्षा कमी भरला, तर वाढ खुंटली असे समजतात. आम्हाला आमच्या हसण्याची लाज वाटली.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या शंभर मुलांमागे सुमारे 35 मुलांची वाढ खुंटलेली आढळली. यात केवळ उंची जात नाही. बुद्धीची वाढ, शाळेतला अभ्यास आणि पुढची कमाईही मागे पडते. गर्भ राहिल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे 1000 दिवस मोलाचे. तेव्हाची तूट नंतर भरून काढणे फार कठीण.

म्हणून आम्ही रविवारी समाजमंदिरात आया, आज्या आणि बापांनाही बोलावले. भाषण न करता सेविकाताईंनी स्टोव्हवर शिजवूनच दाखवले. घरोघरी बाळाला डाळीचे वरचे पाणी देतात आणि डाळ मोठी माणसे खातात. पाण्याने पोट भरते, अंग भरत नाही. खिचडी मऊ घोटावी, चमचाभर तेल घालावे. चमचा तिरका केला तरी ओघळू नये, इतकी ती दाट हवी. जोडीला कधी अंडे, कधी काटे काढलेला मासा, कधी शेंगदाण्याचे बारीक कूट, कधी पालेभाजी.

सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको. सहा महिने पूर्ण होताच दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात, दिवसातून दोन-तीनदा. वर्षानंतर मोठी वाटी भरून तीन-चार वेळा, शिवाय मधला खाऊ. आईचे दूध दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवावे. भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, कारण वारंवार जुलाब झाले की खाल्लेले अंगी लागत नाही. आणि गरोदर बाईने मागे उरलेले नव्हे, सर्वांबरोबर पोटभर जेवावे.

"रोजंदारीत रोज अंडे कुठून आणू?" एका बापाने विचारले. प्रश्न खरा आहे. मजुरी वाढावी, अंगणवाडीचा आहार वेळेवर मिळावा, यासाठी आपण भांडलेच पाहिजे. पण घरात डाळ शिजते, तेव्हा बाळाच्या वाटीत पाणी वाढायचे की डाळ, हे आपल्याच हातात आहे. ती आजी आता पळीने तळाची डाळ काढते आणि आधी नातीला वाढते.