किती वेळा सांगू, मीच आहे!

लॉगिन. पासवर्ड. ओटीपी. मग 'हे नक्की तुम्हीच ना?' मग चित्रांमधले ट्रॅफिक सिग्नल शोधा. एवढी परीक्षा पास होऊन आत शिरावं, जरा चहा आणायला उठावं, तर परत येईपर्यंत स्क्रीन पुन्हा पहिल्या पानावर! ऑफिसात ठीक आहे हो. पण घरच्या टेबलावरच्या, वर्षानुवर्षं आपणच वापरत असलेल्या कम्प्युटरवरही? 'या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका' या चौकोनात टिक करून करून बोट दुखलं, तरी वेबसाइटचं आपलं सुरूच... कोण तुम्ही?

हा वैताग दुप्पट कधी होतो माहितीये? सुट्टीत गावी गेल्यावर. समजा, तुमचं घर गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याचं. नागपूर-रायपूर हायवेवरचं गाव, नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाच्या वाटेवरचं. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदिया, तिथून पुढे रस्त्याने घर. बॅग टाकली, जुना डेस्कटॉप सुरू केला, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नेट घेतलं आणि ऑफिसचा मेल उघडायला बसलात. ओटीपी पाठवलाय म्हणे. एसएमएस काही येईना. मोबाईल घेऊन आधी अंगणात, मग गच्चीवर. कोड आला तेव्हा त्याची मुदत संपलेली! आता बाबा विचारणारच, "काहून रे, घरच्या कम्प्युटरले बी तुझी ओळख नाही का?"

खरं उत्तर द्यायचं तर, नाही. 'घरचा कम्प्युटर' हे तुम्हाला-आम्हाला कळतं, वेबसाइटला नाही. त्या चौकोनात टिक केली की वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये एक छोटी चिठ्ठी ठेवते. हीच ती कुकी. पुढच्या वेळी चिठ्ठी दिसली की गेट उघडतं, नाही दिसली की तुम्ही परके. आता ही चिठ्ठी हरवते कशी? इन्कॉग्निटो विंडोत काम केलं, ब्राउझर बदलला, बंद करताना सगळं पुसून टाकणारं सेटिंग चालू असलं, किंवा 'कम्प्युटर फास्ट करतो' म्हणणारं एखादं क्लीनर चालवलं, की चिठ्ठी गायब. शिवाय अनेक ठिकाणी तिला मुदतही असते.

दुसरी भानगड पत्त्याची. काल पुण्याच्या ब्रॉडबँडवर असलेले तुम्ही आज मोबाईल नेटवर. आयपी अॅड्रेस बदललेला, आणि त्यावरून काढलेलं ठिकाण तर कित्येकदा भलत्याच शहराचं. वेबसाइटला शंका येते आणि ती पुन्हा ओळख मागते.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. व्हायरस ही कुकी चोरू शकतो, आणि चोरलेल्या कुकीने काही वेळा पासवर्ड-ओटीपीशिवायही आत शिरता येतं. म्हणून मुदती छोट्या. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली, आणि पुढे ओटीपी घरोघरी पोचला. त्याने कार्डवरचा नुसता नंबर चोरून खरेदी करणं अवघड झालं, हे मान्यच.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. रोज दहादा विचारलेला प्रश्न आपण ऐकणंच बंद करतो. हात आपोआप 'हो' दाबतो, आणि चोराला तेच हवं असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत हेच झालं. हल्लेखोराकडे एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड होता. तो पुन्हा पुन्हा लॉगिन करत राहिला आणि दर वेळी कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर मंजुरीची विचारणा जात राहिली. शेवटी एकदा मंजुरी मिळाली आणि तो आत! मायक्रोसॉफ्टचा सल्लाही हाच आहे की वारंवार ओळख मागणं उलटू शकतं. विचार न करता माहिती भरायची सवय लागली, की माणूस खोट्या पानावरही भरून मोकळा होतो.

म्हणजे पडताळणी हवी, पण काही बदललं तेव्हा. नवं मशीन, अनोळखी जागा, मोठी रक्कम. वारा आपल्याकडेही त्याच दिशेला वाहतोय. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांत दोन टप्प्यांची ओळख कायम आहे, पण एसएमएस ओटीपी हा एकच मार्ग नाही, आणि धोका पाहून जादा तपासणी करायलाही मुभा आहे. लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६.

तोवर एवढं कराच

घरच्या कम्प्युटरवर कामासाठी एकच ब्राउझर ठेवा आणि तुमच्या नेहमीच्या साइट्सना कुकी पुसण्यातून वगळा.

घरात सगळेच एक कम्प्युटर वापरत असतील, तर प्रत्येकाचं युजर अकाउंट वेगळं करा. भाचा गेम उतरवणार त्याच खात्यात तुमचा मेल नको!

एसएमएस उशिरा येतो? ऑथेंटिकेटर अॅप घ्या. त्यात साधारण दर ३० सेकंदांनी नवा कोड मोबाईलमध्येच तयार होतो, नेटवर्क नसलं तरी. फक्त मोबाईलचं घड्याळ बरोबर हवं.

पासकीचा पर्याय दिसला तर जरूर स्वीकारा. अॅपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मे २०२२ मध्ये तिला एकत्र पाठिंबा जाहीर केला. बोटाचा ठसा किंवा पिन पुरतो, एसएमएसची वाट बघायला नको. आणि ती खऱ्या साइटवरच चालते, नकली पानावर नाही.

सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मात्र तो चौकोन चुकूनही टिक करू नका.

आणि हो, तुम्ही काहीच केलेलं नसताना ओटीपी किंवा मंजुरीची विचारणा आली, तर वैतागून 'हो' म्हणू नका. तुमचा पासवर्ड बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे. कोड कुणालाही सांगू नका, आणि पासवर्ड लगेच बदला. चहा नंतर!