पाठपिशवीतला चाकू

चाकू कापतो तो वजनाने नव्हे, दाबाने. कोयत्याची गोष्ट वेगळी. तो वेगाने खाली येतो, आणि त्याचे वस्तुमान जितके अधिक तितका घाव खोल. चाकूला मात्र जोर आपला हातच पुरवतो. म्हणून गडावरच्या मुक्कामाला किंवा खाडीवर गळ टाकायला जाताना पाव किलोचा चाकू पाठीवर वाहण्याचे कारण नाही.

हिशेब करून पाहू. समजा, हाताचा जोर 20 न्यूटन आहे (सुमारे 2 किलोग्रॅमच्या वजनाएवढा) आणि पात्याची 5 सेंटिमीटर लांबी वस्तूला टेकली आहे. धारेची जाडी 0.02 मिलिमीटर धरली, तर टेकलेले क्षेत्रफळ भरते 1 चौरस मिलिमीटर. म्हणजे दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 200 पट! धार झिजून दहापट जाड झाली, की हाच दाब 20 पटींवर येतो. मग आपण जोर वाढवतो, चाकू सटकतो आणि बोट कापते. दाबाच्या धड्याला हे उदाहरण नेहमीच्या खिळ्यापेक्षा बरे.

तेव्हा पाते पातळ हवे आणि बोटभर लांब पुरे. फ्रान्सच्या साव्हुआ भागात 1890 पासून बनणारा ओपिनेल चाकू या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याच्या 8 क्रमांकाच्या नमुन्याचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे, मूठ लाकडी, आणि वजन अवघे 50 ग्रॅमच्या आसपास. मिटणारे पाते बोटांवर येऊ नये म्हणून 1955 साली त्याला फिरते कडे बसवले गेले. असा अडकाव नसलेला मिटता चाकू मुलांच्या सहलीत नकोच. मासे साफ करायचे असतील, तर मात्र न मिटणारे छोटे पाते बरे. खवले आणि रक्त सांध्यात अडकत नाही.

पोलाद कोणते? साध्या कार्बन पोलादाला दगडावर चटकन धार येते, पण ते गंजते. लिंबू कापून तसेच ठेवले तरी काळे पडते. स्टेनलेस पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते. त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर बसतो, आणि ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा तयार होतो. समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड आयन हा थर जागोजागी फोडतात. म्हणून स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारे, असे समजू नये. किनाऱ्यावर तेच घ्यावे, पण काम झाल्यावर गोड्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावे. डोंगरात कार्बन पोलादही चालेल, तेलाचा हात फिरवून ठेवले म्हणजे झाले.

वर्गात लोखंडी खिळा आणि स्टीलचा चमचा मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून फरक दाखवता येईल. दोन्ही वेगवेगळ्या पेल्यांत ठेवावेत, एकमेकांना टेकले तर निष्कर्ष बिघडतो.

चामड्याचे म्यान दिसते सुंदर, पण ते खारट ओल धरून ठेवते. ओला चाकू त्यात घालू नये.