कीर्तनाची सीडी कशावर लावायची?

कागदोपत्री आता अहिल्यानगर झालेल्या आमच्या नगर जिल्ह्यात पुष्कळ घरांत टीव्हीखालचं कपाट अजून भरलेलं असतं. शिर्डीहून आणलेल्या आरत्यांच्या सीडी, इंदुरीकर महाराजांच्या कीर्तनाच्या व्हीसीडी, ‘१५० गाणी’ छापलेली एखादी एमपी३ आणि पेनने ‘सप्ताह, काला’ लिहिलेली एक साधी चकती. वाजवायला मात्र घरात काही उरलेलं नसतं. मग जुना का होईना, प्लेयर घ्यायचं ठरतं आणि सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, डीव्हीडी प्लेयर घे, त्यात सगळं चालतं. दुसरा म्हणतो, छे, गाण्याला नुसता सीडी प्लेयरच पाहिजे. दोघंही ठाम असतात आणि दोघंही अर्धेच बरोबर.

मुळातला गैरसमज यंत्राबद्दलचा नाहीच. ‘सीडी म्हणजे सीडी’ हा तो गैरसमज. दिसायला सारख्या असलेल्या या चकत्यांमध्ये तीन वेगळ्या जाती आहेत. गाण्याची खरी सीडी फिलिप्स आणि सोनी यांनी 1980 साली ठरवलेल्या नियमांनी बनते: सेकंदाला 44,100 वेळा मोजलेला आवाज, प्रत्येक मोजणी 16 बिटांची, आणि एकूण वेळ सुमारे 74 मिनिटं. व्हीसीडी आली 1993 मध्ये. तिच्यात चित्रही दाबून बसवलेलं असतं आणि वेळ तेवढाच, म्हणून दोन तासांचं कीर्तन एका चकतीत मावत नाही. एमपी३ची चकती म्हणजे नुसत्या फायली. 128 केबीपीएसने दाबल्या तर बारा तासांच्या वर गाणी बसतात, पण सेकंदाला मिळणारी माहिती खऱ्या सीडीच्या अकराव्या हिश्शाएवढीच असते. ‘एका सीडीत दीडशे गाणी, तरी क्वालिटी तीच’ हे दुकानदाराचं वाक्य त्यामुळे बाजूला ठेवायचं.

जुना सीडी प्लेयर यातली फक्त पहिली जात ओळखतो. नंतरच्या काही मॉडेलांना एमपी३ कळतं, पण ते यंत्रावर छापलेलं असेल तरच धरायचं. कीर्तनाची व्हीसीडी घातली तर चित्राचा प्रश्नच नाही, धड आवाजही येणार नाही. तेव्हा बाजारात जाण्याआधी कपाट उपसा. निम्म्याहून जास्त व्हीसीडी निघाल्या तर डीव्हीडी प्लेयरच घ्या, वाद संपला.

आता ‘सीडी प्लेयरचा आवाज गोडच’ हे मत. सीडी वाचायला 780 नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला 650चा. पुढच्या डीव्हीडी प्लेयरांत दोन्हींची सोय असते, त्यामुळे सीडी वाचण्यात ते कमी पडत नाहीत. लहानसहान ओरखडे आले तरी चुका दुरुस्त करायची युक्ती सीडीतच आहे. साधारण अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचा खंड ती भरून काढते. ती पुरी पडली की दोन्ही यंत्रांच्या हाती तेच आकडे येतात. फरक पडतो तो पुढे, आकड्यांचा आवाज करताना. स्वस्त डीव्हीडी प्लेयरमध्ये नेमकी तिथे काटकसर केलेली असते, शिवाय शेजारी चित्राची सर्किटं बसलेली. पण मागे डिजिटल आउटपुट असेल (बहुधा नारिंगी रंगाची गोल खाच) आणि ॲम्प्लिफायरला तसा इनपुट असेल, तर आवाज करायचं काम ॲम्प्लिफायर करतो आणि हे भांडण जवळजवळ मिटतं. आणि स्पीकरच कामचलाऊ असतील तर हा फरक ऐकू येतो म्हणणाऱ्याचं मला कौतुकच वाटतं. पैसे शिल्लक असतील तर स्पीकरवर घाला.

सीडी प्लेयरची खरी बाजू मला दुसरीकडे दिसते. त्याला टीव्ही लागत नाही. पहाटे काकड आरती लावायची तर आजीने एक बटण दाबावं, समोर गाण्याचा नंबर दिसावा, झालं. डीव्हीडी प्लेयरवर एमपी३मधलं गाणं शोधायला पडदा लागतो. आणि बऱ्याच नव्या टीव्हींना जुन्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींची जागाच नसते. मग एचडीएमआयचा कन्व्हर्टर आणा.

जुन्यात घेताना ‘लेन्स गेली’ हे ऐकायला मिळतंच. माझ्या प्लेयरची दुकानदाराने तपासल्याशिवायच गेलेली सांगितली होती; घरी उघडून पाहिलं तर तिच्यावर धुळीचा थर होता. नगर पर्जन्यछायेतलं, आठ महिने धूळ. आधी फुंकणीने हवा मारा, मग कानाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा. ट्रे अडकत असेल तर पट्टा सैल झालेला असू शकतो. सीडी मात्र गोल गोल पुसू नका, मधून कडेकडे पुसा. गोल ओरखडा माहितीच्या रेघेबरोबरच धावतो आणि सलग मोठा भाग खातो. नावाची बाजूही जपा: चकाकता थर त्या बाजूला, पातळ लाखेच्या खाली असतो.

राहिली ती पेनने लिहिलेली सप्ताहाची चकती. घरी बर्न केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हात आणि काळानुसार फिका पडतो. फक्त 650चा लेझर असलेले पहिले डीव्हीडी प्लेयर तर ती वाचतच नसत. बाकी आरत्या कुठेही मिळतील, गावातलं ते काल्याचं कीर्तन दुसरीकडे नाही. प्लेयर कोणता घ्यायचा हे ठरेपर्यंत थांबू नका. सीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर कुणाकडे आहे ते विचारा आणि ती आधी उतरवून घ्या.