सुरुंग कुठला, भूकंप कुठला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी परिसरात खाणीचा भोंगा वाजला की घरातल्या जाणत्या बाईचा हात फळीवरच्या भांड्यांकडे जातो. थोड्या वेळाने कोळशाच्या उघड्या खाणीत बार उडतो, तावदानं थरथरतात, डबे किणकिणतात आणि पुन्हा सगळं शांत होतं. भोंगा ऐकलेला असतो, म्हणून कुणी ‘भूकंप’ म्हणत नाही. पण भोंगा न वाजवता, हजारो किलोमीटरवर, जमिनीच्या पोटात कुणी अणुबॉम्ब उडवला तर तो ओळखायचा कसा?

हा प्रश्न जगापुढे आला १९५७ साली. त्या सप्टेंबरात अमेरिकेने नेवाडाच्या डोंगरात खोल बोगद्यात अणुस्फोट केला आणि त्याचे कंप दूरदूरच्या यंत्रांनी टिपले. पुढच्याच वर्षी जिनिव्हात शास्त्रज्ञ अणुचाचण्या ओळखायच्या कशा, या प्रश्नावर बसले. १९६३च्या कराराने हवेतल्या, पाण्यातल्या आणि अवकाशातल्या चाचण्यांवर बंदी आली. उरली फक्त जमीन. मग जमिनीला कान लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाच्या पुढाकाराने असे चार मोठे कान उभे राहिले : स्कॉटलंडमध्ये एस्कडेलमुइर, कॅनडात यलोनाइफ, ऑस्ट्रेलियात वारामुंगा आणि आपल्याकडे बंगळुरूच्या उत्तरेला गौरीबिदनूर. हे चौथं केंद्र १९६५च्या सुमारास तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्राच्या, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, सहकार्याने सुरू झालं. जुना, घट्ट ग्रॅनाइट आणि आसपास फारशी वर्दळ नाही, अशी ती जागा. तिथे काटकोनातल्या दोन रांगांत वीस कंपमापक पुरले. एकेक रांग वीस किलोमीटरहून लांब.

एवढी यंत्रं कशाला? वारा, ट्रक, गुरं यांची कुरबुर प्रत्येक यंत्राला वेगळी ऐकू येते. दुरून आलेली लाट मात्र सगळ्यांना सारखीच भेटते, फक्त किंचित मागेपुढे. तो फरक काढून वीसही नोंदी एकावर एक ठेवल्या की कुरबुर विरते आणि लाट ठळक होते. कोण आधी हलला, कोण नंतर, यावरून ती कुठल्या दिशेने आली तेही कळतं.

आता खरी पारख. भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांवरून सरकतात, म्हणून एका बाजूच्या यंत्राला पहिला धक्का ढकलण्याचा बसतो, तर दुसऱ्या बाजूच्या यंत्राला ओढण्याचा. स्फोट मात्र चहूकडे ढकलतोच. शिवाय स्फोट पृष्ठभागावरून जाणाऱ्या लांब लाटा भूकंपाच्या मानाने फार कमी उठवतो. आणि हादरा कित्येक किलोमीटर खोलातून आला असेल, तर तिथवर बॉम्ब नेणार कोण?

११ मे १९९८. दुपारी पावणेचारच्या सुमारास भारताच्या भूमिगत अणुचाचणीने पोखरणची वाळू हलली. तिथून निघालेली लाट खानदेश, नगर, सोलापूरच्या खालून सुमारे साडेतीन मिनिटांत गौरीबिदनूरला पोहोचली. त्याआधीच, दोन-सव्वादोन मिनिटांत, ती आपल्या यवतमाळखालूनही गेली. आपल्याला काही जाणवलं नाही. स्फोट किती किलोटनचा होता यावर पुढे जगभर वाद झाला. कारण तोच बॉम्ब घट्ट खडकात आणि भुसभुशीत मातीत सारखा हादरा देत नाही. १३ मेचे छोटे स्फोट तर परदेशातल्या यंत्रांना ऐकूच आले नाहीत. कानालाही मर्यादा असते.

पण बॉम्बसाठी लावलेल्या या कानांनी खरं मोठं काम केलं ते पृथ्वीसाठी. अमेरिकेने याच कारणासाठी साठच्या दशकात जगभर एकसारखी शंभरावर कंपमापन केंद्रं उभारायला मदत केली. त्यात पुणंही होतं. त्यांच्या नोंदींतून जगाचे भूकंप नकाशावर बारीक रेषांत मांडले गेले आणि भूपट्ट सरकतात, या कल्पनेला भक्कम आधार मिळाला. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप शास्त्रज्ञांना बारकाईने अभ्यासता आला, त्यात या नोंदींचाही वाटा होता.

यात आपलं काय? ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात किल्लारी कोसळली. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! २०२४मध्ये पैनगंगेपलीकडे हिंगोलीची जमीन मार्चमध्ये आणि जुलैमध्ये ४.५ तीव्रतेने हलली. जमीन शांत आहे, असं आपण म्हणतो तेव्हा बरेचदा एवढाच अर्थ असतो, की तिचं पुरेसं ऐकलेलं नाही.

आणि ऐकायचं तर निवडताही आलं पाहिजे. खाणीतली सुरुंगाची भोकं एकदम उडवत नाहीत; त्यांच्या रांगा काही मिलिसेकंदांच्या फरकाने पेटतात. तो क्रम नोंदीत उमटतो. पिकातून तण निंदावं तसे हे बार नोंदींतून वेचून काढावे लागतात. मागे उरतं ते जमिनीचं स्वतःचं बोलणं. वणीच्या घरात भोंग्यावरून जे कळतं, ते भोंगा नसताना कळावं म्हणून ही यंत्रं आजही रात्रंदिवस जागी आहेत.