तळहातावरचा कट
26 एप्रिल 1478 रोजी फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये प्रतिस्पर्धी पाझी घराण्याच्या कटातल्या मारेकऱ्यांनी जुलियानो मेदिचीला भोसकून मारलं. भाऊ लोरेन्झो जखमी होऊन निसटला. शिल्पकार बेर्तोल्दोने त्याच वर्षी घडवलेल्या ब्राँझच्या पदकावर हा हल्ला दिसतो. एका बाजूला लोरेन्झोचं भलंमोठं मस्तक, खाली चिमुकली माणसं आणि उगारलेली शस्त्रं. लॅटिन अक्षरं म्हणतात, ‘लोकांचं क्षेम’. मागच्या बाजूला जुलियानो, ‘लोकांचा शोक’. शहराची सूत्रं मेदिची घराण्याच्या हाती असली, तरी लोरेन्झो कागदोपत्री साधा नागरिक, राजा नव्हेच. म्हणून घराण्यावरचा वार शहरावरचा ठरवणं त्याला सोयीचं होतं. एवढंसं पदक पाहणार किती जण, ही शंका रास्तच. पण अशी पदकं नाण्यांसारखी खर्ची पडत नसत. भेट म्हणून फिरत, दरबारी आणि विद्वान मंडळींच्या संग्रहात राहत. लोरेन्झोला पटवायचं होतं ते याच मंडळींना.