लिनक्स वितरणांची प्रकाशनचक्रे

लिनक्स वितरण म्हणजे लिनक्स कर्नल आणि त्यासोबत लागणारी साधने व उपयोजने एकत्र बांधून तयार केलेली संचालन प्रणाली होय. वितरणाची नवी आवृत्ती किती काळाने निघते आणि जुन्या आवृत्तीला सुरक्षा सुधारणा किती काळ मिळतात, या क्रमास प्रकाशनचक्र म्हणतात. बहुतेक वितरणांत उपयोजने जवळपास सारखीच असल्याने त्यांच्यातील मोठा फरक या चक्रात दिसतो.

प्रकार

प्रकाशनचक्रांचे दोन मुख्य प्रकार आहेत. ठरावीक आवृत्तीच्या पद्धतीत उपयोजनांचा संच एका टप्प्यावर गोठवून तपासला जातो. प्रकाशनानंतर त्यात सहसा नवी वैशिष्ट्ये येत नाहीत, केवळ दोष दुरुस्त केले जातात. अखंड अद्ययावत होणाऱ्या, म्हणजे 'रोलिंग' पद्धतीत स्वतंत्र आवृत्त्या नसतात. नवे बदल तयार होतील तसे वापरकर्त्यापर्यंत पोहोचतात. आर्च लिनक्स व ओपनसुसे टंबलवीड ही या पद्धतीची उदाहरणे आहेत.

प्रमुख वितरणांची तुलना

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी, परंतु तयारी पूर्ण झाल्यावरच प्रकाशित होते. दीर्घकालीन साहाय्य धरून तिला सुमारे पाच वर्षे सुधारणा मिळतात. उबुंटूच्या आवृत्त्या एप्रिल व ऑक्टोबर महिन्यांत निघतात आणि आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष व महिना असतो, २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. दर दोन वर्षांनी येणाऱ्या दीर्घकालीन आवृत्तीस पाच वर्षे, तर मधल्या आवृत्त्यांस केवळ नऊ महिने साहाय्य मिळते. फेडोराची आवृत्ती सुमारे सहा महिन्यांनी येते व तेरा महिने टिकते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या मुख्य आवृत्तीचे साहाय्य दहा वर्षांचे असते.

मुदतीत बदल

जाहीर झालेली मुदत बदलूही शकते. सेंटओएस ८ला २०२९पर्यंत साहाय्य अपेक्षित होते. डिसेंबर २०२०मध्ये ते ३१ डिसेंबर २०२१ रोजीच थांबवण्याचे जाहीर झाले. त्यामुळे अनेक सर्व्हरचालकांना दुसरे वितरण शोधावे लागले. २०२१मध्ये अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स ही पर्यायी वितरणे प्रकाशित झाली.

भारतीय वितरण

पुणे येथे मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) मराठीसह भारतीय भाषांना आधार देणारे बॉस लिनक्स विकसित केले. ते डेबियनवर आधारित आहे. अशा व्युत्पन्न वितरणांच्या सुधारणा बऱ्याच अंशी मूळ वितरणावर अवलंबून असतात. म्हणून दोन्हींची मुदत पाहावी लागते.

निवड

मुदत संपलेली आवृत्ती बंद पडत नाही. परंतु त्यानंतर आढळलेले सुरक्षादोष तिच्यात उघडेच राहतात. उदाहरणार्थ, चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरी (जिल्हा कोल्हापूर) येथील एखाद्या पेढीवर केवळ हिशोबासाठी संगणक हवा असल्यास वारंवार होणारे बदल गैरसोयीचे ठरतात. तेथे डेबियनची स्थिर अथवा उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती सोयीची ठरते. अगदी नवे हार्डवेअर वापरणाऱ्यास किंवा नवी साधने लागणाऱ्या विकसकास फेडोरा वा आर्च उपयुक्त असते. मात्र त्यासाठी नियमित अद्यतन करण्याची आणि क्वचित उद्भवणारा बिघाड स्वतः निस्तरण्याची तयारी लागते.