कटिंग मशीनचा बंद पडलेला पॉवर सप्लाय

प्रोग्रॅमवर चालणाऱ्या पेपर कटिंग मशीनची मोठी मोटर थ्री फेजवर चालते. पण स्क्रीन, सेन्सर, रिले आणि कंट्रोल बोर्ड यांना लागते 24 आणि 5 व्होल्टची डीसी वीज. ती पुरवणारा हाताच्या पंजाएवढा बोर्ड बंद पडला की स्क्रीन काळी होते आणि सुरी जागची हलत नाही. दिवाळी अंकांच्या हंगामात असे झाले तर छापून तयार असलेले फर्मे तसेच पडून राहतात. बोर्ड ‘गेला’ असे म्हणून नवा मागवण्याची घाई बहुतेक वेळा अनाठायी असते. अनेकदा बिघाड दोन-चार सुट्या भागांचा असतो, आणि त्यांची किंमत बोर्डाच्या मानाने किरकोळ असते.

या सप्लायला एसएमपीएस म्हणतात. 230 व्होल्टची एसी वीज फ्यूजमधून ब्रिज रेक्टिफायरकडे जाते. तिथे तिची डीसी होऊन मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट साठतात. कंट्रोलर आयसीच्या इशाऱ्यावर मॉसफेट हा विद्युतप्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, त्यामुळे फेराइटचा छोटा ट्रान्सफॉर्मर पुरतो. पलीकडे डायोड आणि कपॅसिटर मिळून स्वच्छ 24 व्होल्ट देतात. हे व्होल्टेज बरोबर आहे की नाही, याची खबर ऑप्टोकपलर प्रकाशाच्या रूपाने आयसीला परत देतो. त्यामुळे दोन्ही बाजूंमध्ये विजेचा थेट संबंध येत नाही.

कागदाची धूळ हा या बोर्डाचा मोठा शत्रू. कापताना उडणारे बारीक तंतू आणि छपाईत शाई लागू नये म्हणून मारलेली पावडर पंख्यावाटे पॅनलमध्ये शिरते, थर साचतो आणि उष्णता आत कोंडते. पावसाळ्यात हाच थर ओल धरतो. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरला उष्णता मानवत नाही. तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. दुसरे कारण वायरिंगचे: थ्री फेज जोडणीत न्यूट्रल तुटला की सिंगल फेजवरच्या सप्लायवर 400 व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. मग चकतीसारखा व्हॅरिस्टर फुटतो आणि फ्यूज उडतो. ही जोडणी न तपासता दुरुस्त बोर्ड बसवला, तर तोही त्याच दिवशी जातो.

मेन स्विच बंद करून कुलूप लावल्याशिवाय पॅनलमध्ये हात घालू नये. त्यानंतरही मोठा कपॅसिटर भरलेला असू शकतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करण्याची सवय वाईट आणि धोक्याची आहे. दोन-चार किलोओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी काही सेकंद जोडावा आणि मल्टिमीटरने खात्री करावी. धूळ ब्रश आणि व्हॅक्यूमने काढावी. जोराची हवा मारली तर धूळ सेन्सर आणि कनेक्टरमध्ये घुसते.

फ्यूज उडालेला असेल तर कुठेतरी शॉर्ट असण्याचा संभव दाट असतो. जाड तार घालून मशीन चालवू पाहणे म्हणजे ट्रॅक जाळून घेणे. व्हॅरिस्टर, ब्रिज आणि मॉसफेट मल्टिमीटरवर तपासावेत. मॉसफेट शॉर्ट निघाला तर तो एकटा बदलून भागत नाही. त्याच्या सोर्सला जोडलेला अंशभर ओहमचा रेझिस्टर, गेटचा रेझिस्टर आणि बरेचदा आयसीही त्याच्याबरोबर गेलेला असतो. त्यांतला एक जरी राहिला तरी नवा मॉसफेट चालू करताच उडतो. म्हणून पहिली चाचणी 60 किंवा 100 वॅटचा जुना तारेचा बल्ब सीरिजमध्ये लावूनच घ्यावी. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद झाला तर ठीक. लख्खच राहिला तर शॉर्ट कायम आहे. एलईडी दिवा या कामाला चालत नाही.

फ्यूज शाबूत आणि मोठ्या कपॅसिटरवर 325 व्होल्ट, तरी पुढे काही नाही, ही तक्रार जुन्या मशीनवर फार आढळते. शनिवारी बंद करेपर्यंत मशीन नीट चालते आणि सोमवारी सुरूच होत नाही. यूसी 3842 या सर्रास वापरल्या जाणाऱ्या आयसीला सुरू व्हायला सुमारे 16 व्होल्ट लागतात. ते एका मोठ्या रेझिस्टरमधून अगदी थोड्या प्रवाहाने एका छोट्या कपॅसिटरवर साठतात. आयसी जागा झाला की ट्रान्सफॉर्मरचे वेगळे वेटोळे त्याला वीज देऊ लागते. मधला क्षण छोट्या कपॅसिटरने सांभाळायचा असतो. हीटसिंकजवळ वर्षानुवर्षे तापून तो सुकला, की व्होल्टेज 10 च्या खाली घसरते, आयसी बंद पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. बारीक टिकटिक ऐकू येते ती याचीच. हा कपॅसिटर फुगलेला दिसत नाही, म्हणून नुसत्या नजरेने सापडत नाही. ईएसआर, म्हणजे अंतर्गत रोध, मोजणाऱ्या मीटरने तपासावा किंवा सरळ बदलावा: तेवढ्याच क्षमतेचा, 105 अंशांचा, कमी ईएसआरचा.

टिकटिक बाहेरच्या शॉर्टमुळेही होते. चेंगरलेली सेन्सरची वायर किंवा शॉर्ट झालेला पंखा 24 व्होल्टची लाइन खाली ओढतो आणि सप्लाय स्वतःला वाचवतो. सगळे कनेक्टर काढून, लोड म्हणून 24 व्होल्टचा दिवा लावून पाहिले की दोष बोर्डात आहे की बाहेर, हे कळते. ऑप्टोकपलर बिघडला तर व्होल्टेज भलतेच चढू शकते. म्हणून मोजमाप झाल्याशिवाय महागडा कंट्रोल बोर्ड जोडू नये.

सीरिजचा बल्ब काढून, मूळ रेटिंगचाच फ्यूज घालून सप्लाय लोडवर तासभर चालवावा आणि व्होल्टेज पुन्हा मोजावे. बोर्ड बसवल्यावर कागद न ठेवता दोन्ही हातांची बटणे तपासावीत. एकच बटण दाबून सुरी किंवा क्लॅम्प हलता कामा नये. सुरी चालत असताना तिच्यापुढच्या लाइट बॅरियरच्या प्रकाशकिरणांत हात न घालता पुठ्ठ्याची लांब पट्टी धरावी. सुरी तत्काळ थांबली नाही, तर मशीन कामगाराच्या हाती देऊ नये.